मास्क खाली घ्या, काका!

फुटबॉलचं वेड म्हटलं की तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या डोळ्यांपुढे कलकत्ता येईल, नाहीतर गोवा. माझं माहेर मात्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. आमच्याकडे मूल बोलायच्या आधी लाथ मारायला शिकतं, असं आई म्हणायची, आणि म्हणताना तिच्या हातात बहुधा भावाची चिखलाने माखलेली जर्सी असायची! तिथे तालमींचेच फुटबॉलचे संघ झाले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तुम्हाला कुस्तीच्या आखाड्याची वाटतील. आम्हाला ती शाहू स्टेडियमची. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की दुपारी गल्लीत औषधालाही पुरुष सापडायचा नाही.

सासर माझं दहिवडीचं, माण तालुक्यातलं. इथल्या पोरी धावतात. जवळच्याच मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. फुटबॉलचं मात्र इथे कुणाला फारसं सोयरसुतक नाही. लग्नानंतर मी सासूबाईंना एकदा मोठ्या हौसेने सामन्याचं वर्णन करून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आन् जिंकल्यावर मिळतं काय?" मी म्हटलं, "पेठेची मान वर होते." "मग ठीक हाय," म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.

मी इथे एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिकवणं मोबाईलवर आलं. ह्यांचा जुना फोन माझ्या वाट्याला आला. वहीच्या पानांचे फोटो काढून मुलांना पाठवायचे. सुरुवातीला अक्षरांवर माझ्याच डोक्याची सावली! हळूहळू कळलं की पान खिडकीपाशी न्यावं, उजेड बाजूने येऊ द्यावा. माणसांच्या चेहऱ्यांनाही हेच लागू पडतं बरं का. भर उन्हात उभं केलेलं माणूस फोटोत नेहमी रागावलेलंच दिसतं.

त्याच महिन्यात कोल्हापुरातले सामनेही थांबले. धाकटे काका फोनवर म्हणाले, "दुकानं बंद केली, समजलं. पण माझी दुपार कुणी बंद केली गं?" सत्तरी ओलांडलेले, निवृत्त. स्टेडियममधली त्यांची पायरी ठरलेली, शेजारीही ठरलेले.

तेवढ्यात वाचनात आलं की जर्मनीत मे 2020 मध्ये रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले आणि मोन्शेनग्लाडबाख गावच्या लोकांनी आपापले फोटो पुठ्ठ्यावर छापून हजारोंनी खुर्च्यांवर बसवले. मला हसू आलं, आणि मग काका आठवले. पेठेतल्या प्रेक्षकांचे फोटो काढावेत, हे तेव्हापासून मनात होतं.

योग आला जानेवारी 2021 मध्ये. एस.टी. सुरू झाली होती. चार दिवस माहेरी होते. कुणाला दारात बसवलं, कुणाला तालमीच्या पायरीवर. एक रिक्षावाले दादा गाडीतला झेंडा शोधून आले, घडीवर उंदराने कुरतडलेला. सामन्याच्या दिवशी शेंगदाणे विकणाऱ्या मावशींनी फोटोला रिकामी टोपली नको म्हणून शेजारणीकडून कांदे मागून आणले. दहा महिने तिचं काय झालं असेल, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

काकूंची गंमत सांगते. चाळीस वर्षं संसार झाला, पण बाई एकदाही स्टेडियममध्ये गेलेली नाही. घर जवळ, त्यामुळे ओरडा ऐकू येतो. "आपला गोल का त्यांचा, ते मला ओट्यापाशी कळतं," म्हणाल्या. "आपला असला की चार भाकऱ्या जास्त. ह्यांच्याबरोबर पाचजण येतात ना जेवायला!" टाळेबंदीत त्यांना भाकऱ्यांचा अंदाज चुकल्यासारखा वाटायचा.

काका आणि त्यांचे पायरीवरचे पाचजण ओसरीवर जमले होते. आत भिंतीवर मॅराडोनाचं वर्तमानपत्रातलं चित्र. तो 25 नोव्हेंबरला गेला, तेव्हा काकांनी ते देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं. काकूंनी एक वीत खाली सरकवायला लावलं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मी फोन धरला तर नुसते डोळे आणि टोप्या! कोण कुठला, काही कळेना. म्हणून म्हटलं, "मास्क खाली घ्या, काका. आणि गोल झालाय असं समजा!" सहाही म्हाताऱ्यांनी मास्क हनुवटीवर ओढले आणि असे ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. काका दहा दिवस दवाखान्यात होते. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता, मला जाता आलं नाही. ते गेल्यावर चुलतभावाचा फोन आला, "ताई, बाबांचा मास्क नसलेला अलीकडचा फोटो आहे का गं तुझ्याकडे?" मी तोच पाठवला, कडेची माणसं कापून.

आणि मैत्रिणींनो, तेव्हापासून झोप गेली. ते मास्क मी खाली घ्यायला लावले होते. जानेवारी ते एप्रिल म्हणजे तीन महिने. हा आजार चौदा दिवसांच्या आत दिसतो. मुलांना वजाबाकी शिकवणारी बाई मी, मला हिशेब कळत नव्हता असं नाही. पण रात्री दोनला हिशेब कुठे ऐकून घेतो? ह्यांनाही सांगितलं नाही. जुलैत अर्जेंटिनाने ब्राझीलला हरवून कोपा अमेरिका जिंकली, तर मी टीव्हीच बंद केला.

दिवाळीला काकूंकडे गेले आणि स्वयंपाकघरात एकदम बोलून गेले. त्या करंज्या भरत होत्या. थांबल्या नाहीत. "त्यांचा मास्क वर कधी होता गं? दर घटकेला पान लागायचं. तू सांगितलंस तेव्हा निदान सगळ्यांनी मिळून तरी काढला." मग हात पुसून मला आतल्या भिंतीशी नेलं. कापलेला नव्हे, पुरा फोटो लावला होता, सहाहीजणांचा. त्यांतले आणखी दोघे तोवर गेले होते. "हॉलमध्ये हार घातलेला आहे," म्हणाल्या, "पण त्यात आवाज नाही."

18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला. पेठेतल्या पोरांनी चौकात पडदा लावला होता, आणि फलकावर मेस्सीच्या शेजारी काकांचा फोटो. मी दहिवडीहून काकूंना फोन केला. मागे फटाके, काही ऐकू येईना. "नंतर कर गं," त्या ओरडून म्हणाल्या, "दारात माणसं आलीत, चहा टाकलाय."