पुढची गाडी कधी?

दरवर्षी बारावीच्या निरोप समारंभात मी एक वाक्य हमखास बोलते : "मुलींना पुढे शिकवा." टाळ्याही मिळतात. गेल्या वर्षी निकालानंतर एका विद्यार्थिनीचे अब्बा मला भेटायला आले. पॉवरलूमवर काम करतात. मुलीला डोंबिवलीला बीएस्सीसाठी प्रवेश मिळत होता. त्यांनी एवढंच विचारलं, "मिस, शाम की गाडी छूट गई तो दूसरी कब है?"

मला सांगता आलं नाही. लाज वाटली, कारण माझं बीएड याच गाडीवर झालंय.

भिवंडी रोड हे आमचं स्टेशन. अंजूरफाट्याजवळ, शहरापासून जरा बाजूला. वसई–दिवा हा सुमारे 42 किलोमीटरचा मार्ग. 2011 च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या 7 लाखांच्या वर होती, पण इथून सुटणाऱ्या प्रवासी गाड्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. मालगाड्या मात्र येत-जात असतात. उल्हास नदीचा पूल ओलांडला की कोपर, तिथं वरच्या फलाटावरून खाली उतरून लोकल धरली की पुढचंच स्टेशन डोंबिवली. मुंबईकराची लोकल चुकली तर तो काही मिनिटं थांबतो. आमची चुकली तर तासांचा हिशोब.

माझ्या वेळी डिझेलची गाडी होती, आता मेमू आहे. संध्याकाळी मी उतरायचे तेव्हा अब्बा सायकल धरून बाहेर उभे असायचे. गाडी उशिरा आली तरी कधी चिडले नाहीत. मी हिमतीनं शिकले, असंच मी इतकी वर्षं सांगत आले. त्या उभं राहण्यात त्यांचे किती तास बुडाले, किती मजुरी गेली, हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारायला ते नाहीत.

त्या रविवारी स्टेशनवर जाऊन गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या. कागदावर एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. खाली दुसरा रस्ताही लिहिला : डोंबिवलीहून लोकलनं कल्याण, तिथून शेअर रिक्षा. तो घेऊन त्यांच्या घरी गेले. अब्बांनी दोनदा वाचला. "मगरिबच्या आत घरी पोहोचेल?" हिवाळ्यात नाही पोहोचणार, मी खरं तेच सांगितलं. ते गप्प झाले. त्यांची पाळी रात्रीच संपते. तेवढ्यात आतून तिची अम्मी म्हणाली, "मैं जाऊंगी लेने."

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

यंदाच्या समारंभात मी ते वाक्य बोलले नाही. त्या कागदाच्या झेरॉक्स वाटल्या. तिघींनी डोंबिवलीच्या कॉलेजचे फॉर्म भरलेत. दोघींच्या घरून अजून होकार आलेला नाही. या रविवारी तिकडे जाणार आहे.