तंबोऱ्याची साक्ष

संगणक फार वेगवान असतो, असे सर्वत्र म्हटले जाते. त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु चपळ माणूस आणि वेळेवर हजर असणारा माणूस हे दोघे एकच नव्हेत, ही गोष्ट केंद्र सरकारच्या कचेरीत बारा वर्षे कारकुनी केलेल्या कोणासही निराळी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ महिन्याकाठी सर्वांहून अधिक फायली निकालात काढतात. मात्र ज्या क्षणी त्यांची नड लागते, नेमके त्याच क्षणी ते चहाला गेलेले असतात. महिन्याच्या तक्त्यात त्यांचे काम उत्तम दिसते. ज्याची नड अडली त्याला विचारा, तो तक्ता त्याच्या काय उपयोगाचा! संगणकाचा स्वभाव अगदी असाच आहे, हे आम्हांस गाण्याच्या ध्वनिमुद्रणात कळून आले.

आमची नोकरी ग्वाल्हेरीस. हे गाव म्हणजे ख्यालगायकीचे माहेर. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची गायकी येथूनच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी पुढे १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. येथील माधव संगीत विद्यालय १९१८ सालचे, त्यामागे भातखंड्यांची योजना होती. लष्कर भागातील जुन्या मराठी घरांतून अजूनही सायंकाळी एखादा तंबोरा लागतो. आमच्या गल्लीतील नाना अशांपैकीच एक. वय वर्षे सत्याऐंशी. शाळेत गायनशिक्षक म्हणून आयुष्य गेले. मोठ्या मैफलींत नाव झाले नाही. मात्र तरुणपणी गुरूंकडून मिळालेले काही टप्पे त्यांच्या गळ्यात आहेत, आणि त्यांतले चार-पाच तरी आम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाहीत.

टप्पा हा प्रकार मोठा अवघड. ख्यालात तान येण्यापूर्वी गवई ऐसपैस बसतो. टप्प्यात पहिल्या शब्दापासूनच दाणेदार, वळणावळणाच्या तानांची धावपळ सुरू होते. शोरी मियाँच्या नावाशी जोडलेला, पंजाबी शब्दांचा हा प्रकार ग्वाल्हेरच्या परंपरेने निगुतीने सांभाळला. स्वरलिपीत त्याचा सांगाडा उतरतो, जीव उतरत नाही. म्हणून तो गळ्यातून गळ्यात जावा लागतो. आणि पुढचा गळा मिळेपर्यंत निदान तो कोठेतरी ऐकावयास तरी राहावा लागतो. गौहरजानचे गाणे १९०२ साली कलकत्त्यास तबकडीवर घेतले गेले. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तरीही शंभर वर्षांनंतर आपण ते ऐकू शकतो. उलट भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, आणि त्यांचे गाणे कसे होते हे शिष्यांच्या आठवणींतून वाचावे लागते. वाचलेले गाणे म्हणजे चित्रातले पक्वान्न!

यंदा हिवाळ्यात नानांना दम लागू लागला, तेव्हा हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही असे आम्हांस वाटले. गल्लीतल्या एका गिटार वाजविणाऱ्या तरुणाने आपली सामग्री आपण होऊन दिली: दोन मायक्रोफोन, आवाजाचे अंकांत रूपांतर करणारी एक छोटी पेटी, आणि लॅपटॉप. पहिल्या संध्याकाळी नानांनी काफीतला टप्पा गायिला. त्या दिवशी गळा असा लागला होता की शेजारच्या काकू पोळीचे पीठ तसेच टाकून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मग आम्ही सर्वांनी बसून ते मुद्रण ऐकले. दुसऱ्याच आवर्तनात ‘टक्’ असा आवाज झाला आणि तानेचा एक दाणा नाहीसा झाला. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’. एके ठिकाणी तर एवढा तुकडा गळाला होता की तबल्याची सम नानांच्या आधीच येऊन बसली.

“नाना, एवढी एक जागा पुन्हा घ्याल का?” आम्ही विचारले.

“अरे, ती जागा मी घेतली नव्हती, ती आली होती,” नाना म्हणाले. “आता तिला कोठून बोलावू?”

या उत्तरापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. जुन्या तबकडीत खरखर असते, पण खरखरीच्या आड गाणे असते. येथे खरखर मुळीच नव्हती; जे गेले ते साफच गेले होते.

सल्ले पुष्कळ मिळाले. कोणी म्हणाले, नवा संगणक घ्या. कोणी म्हणाले, स्मृती वाढवा. परंतु कामाचा भार दाखविणारा काटा पाहिला, तर यंत्र आपल्या शक्तीचा दहावा हिस्साही वापरीत नव्हते. म्हणजे प्रश्न शक्तीचा नव्हता. मग कशाचा होता?

येथे आमची कारकुनी उपयोगी पडली. मायक्रोफोनमधून येणारा आवाज ती छोटी पेटी एका सेकंदात ४८,००० वेळा मोजते, आणि ते अंक एका ट्रेमध्ये टाकीत जाते. या ट्रेला बफर म्हणतात. ट्रे भरला की संगणकाने तो उचलावा, रिकामा ट्रे ठेवावा आणि अंक आपल्या दप्तरी नोंदवावे, असा हा आवक-जावकीचा व्यवहार आहे. आमच्या मुद्रणात हा ट्रे ६४ अंकांचा होता. ६४ अंक भरण्यास लागतात सव्वा मिलिसेकंदाहून किंचित अधिक, म्हणजे सेकंदाचा सुमारे साडेसातशेवा भाग. तेवढ्या अवधीत संगणक आला नाही, तर नवे अंक जुन्यांच्या डोक्यावर पडतात आणि नाहीसे होतात. आवाज थांबून राहत नाही. टपाल थांबते, गाणे थांबत नाही.

आता संगणक त्या क्षणी कोठे असतो? त्याच्या दाराशी अनेक शिपाई उभे असतात. छापयंत्राचा, उंदराचा, वायफायचा, विजेरीचा, असा प्रत्येक उपकरणाचा एकेक. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. त्यांपैकी काहींच्या हाती ‘अत्यंत तातडीचे’ अशी लाल चिठ्ठी असते. अशी चिठ्ठी आत गेली की तिचे काम संपेपर्यंत बाकी सर्वांनी ताटकळावे, असा नियम. हा वेळ बहुधा इतका अल्प असतो की कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु एखादा शिपाई आत जाऊन चार मिलिसेकंद गप्पा मारीत बसला, तर तेवढ्यात आपले तीन ट्रे भरून वाहून जातात. दिवसभराच्या सरासरीत हे चार मिलिसेकंद कोठेही दिसत नाहीत. सरासरी उत्तमच असते. नाश करतो तो सर्वांत वाईट क्षण.

तेव्हा आरोपी शोधावयाचा, तर साक्षीदार हवा. नानांना प्रयोगासाठी गाऊ घालणे अशक्य. आम्ही त्यांचा विजेवर चालणारा तंबोरा मागून आणला आणि तारेने थेट त्या पेटीस जोडला. तंबोऱ्यासारखा साक्षीदार नाही: तो अखंड वाजतो, त्याला थकवा नाही, आणि त्याच्या नादात केसाएवढी चीर पडली तरी कानास ती टोचते. अर्धा-अर्धा तास तंबोरा मुद्रित करावयाचा, नंतर ऐकून ‘टक्’ मोजावयाचे, आणि दर खेपेस एकच गोष्ट बदलावयाची. दोन कधीच नाही. एका वहीत रकाने आखले. घरातून विचारणा झाली, “रोज रात्री तोच तो षड्ज आणि पंचम ऐकून काय मिळते?” आम्ही म्हटले, कचेरीतल्या लेखापरीक्षेपेक्षा हे सुरेल आहे.

जसे होते तसे ठेवून पहिल्या खेपेस १४ खंड पडले. वीज वाचविण्याच्या सोयी बंद केल्या, तरी १३. म्हणजे तिचा दोष फारसा नाही, तिला निर्दोष सोडून पूर्ववत केले. ट्रे ६४ ऐवजी ५१२ अंकांचा केला, ३ पडले. तो पुन्हा ६४ वर आणून केवळ वायफाय बंद केले, तर ५. कोणता ड्रायव्हर आत किती वेळ बसतो हे दाखविणारा लेटन्सीमॉन नावाचा एक कार्यक्रम मिळतो. त्यानेही वायफायच्याच ड्रायव्हरकडे बोट दाखविले. मोठा ट्रे आणि बंद वायफाय हे दोन्ही एकत्र केले, तेव्हा १ उरला. तो एक मात्र चिवट निघाला. शेवटी ध्यानात आले, की ध्वनीची पेटी आणि मुद्रण साठविणारी बाहेरची डिस्क या दोघी एकाच यूएसबी हबवर दाटीने बसल्या होत्या. पेटी थेट लॅपटॉपला जोडली, मुद्रण लॅपटॉपच्या पोटात ठेवले आणि डिस्कवर प्रत नंतर काढावयाची असे ठरविले. सलग तीन खेपा: शून्य, शून्य, शून्य.

यात त्या तरुणाचे काही चुकले होते असे कोणी समजू नये. गिटार वाजविताना तो स्वतःचाच आवाज संगणकातून कानांत ऐकतो. ट्रे मोठा असेल तर तो आवाज उशिरा येतो, आणि आपल्याच मागून आपण धावत आहो असे वाटते. त्याला लहान ट्रेच योग्य. नानांच्या कानांत मात्र तंबोरा आहे आणि समोर तबलजी आहे. संगणकाकडून त्यांना काहीही ऐकावयाचे नाही. अंक दप्तरी साडेदहा मिलिसेकंद उशिरा पोचले तर त्यांचे काय बिघडले? घाई कोणाला आहे हे पाहूनच ट्रेचे माप ठरवावे. हा नियम आमच्या कचेरीतही लागू झाला तर अर्धे अधिक लाल कागद वाचतील.

मग फाल्गुनात दोन आठवडे आम्ही नानांकडे बसलो. वायफाय बंद, हब दूर, सर्वांचे दूरध्वनी दुसऱ्या खोलीत. या शेवटच्या गोष्टीचा यंत्राशी संबंध नव्हता. पण यंत्राला जी शिस्त लावली ती ऐकणाऱ्यांनी आपणांस लावू नये, हे बरे दिसेना. आजवर नाना गात असता आमच्यापैकी प्रत्येकाच्या दाराशी कोणी ना कोणी लाल चिठ्ठी घेऊन उभा असेच. एकूण अकरा टप्पे मुद्रित झाले. त्यांत यंत्राने पाडलेला एकही खंड नाही.

एक विराम मात्र आहे. खमाजच्या टप्प्यात अंतऱ्याशी नाना थांबतात. शब्द आठवत नाही. नऊ सेकंद काहीच नाही. मग घशात हलकेच एक स्वर जुळतो, आणि अंतरा सबंध उभा राहतो. मुद्रण नीटनेटके करून देणारा तो तरुण म्हणाला, “काका, ही रिकामी जागा कापून टाकू का? कोणाच्या लक्षातही येणार नाही.” आम्ही नको म्हटले. ती जागा रिकामी नाही. तेथे कान देऊन ऐकावे: मागे तंबोरा अखंड चालू आहे.