काळ्या रंगावरचे डाग

अक्का बारावीला असताना तिच्या तोंडावर मुरूम यायला लागले. आमच्याकडं त्याला कुणी आजार म्हणत नाही. "वयाची उष्णता हाय, लग्न झालं की जाती," एवढं बोलून बाया मोकळ्या होत. पण अक्काचा रंग काळा. मुरूम आठ दिवसांत बसायचा, त्याच्या जागचा डाग मात्र महिनोन्‌महिने हलायचा नाही. पाहुणे यायचे दिवस जवळ आलेले. मायला मुरमांपेक्षा त्या डागांचीच धास्ती.

घरचे उपाय झाले. आजीनं सहाणेवर जायफळ उगाळलं. चुलतीनं लिंबू चोळायला सांगितलं, शेजारणीनं टूथपेस्ट. लिंबानं इतकं झोंबायचं, की अक्का रांजणाजवळ बसून तोंडावर पाणी मारत राहायची. शेवटी नात्यातल्या एका बाईनं ट्यूब आणून दिली. "पंधरा दिसांत गोरी व्हती बघ."

आणि खरंच, मुरूम दबले, रंग उजळला. माय खूश. ट्यूबमागं ट्यूब येत गेली. चार महिन्यांनी गालाची कातडी पातळ पडली. उन्हात निघालं की आग व्हायची. हनुवटीवर लव वाढली. एक दिवस ट्यूब राहिली की तोंडभर पुटकुळ्या. कापूस वेचताना अक्का डोळे सोडून सगळं तोंड बांधायची, पण घरी आल्यावरही फडकं सोडेना. कॉलेज सुटलं, लग्नकार्याला जाणं सुटलं. जेवायलासुद्धा भिंतीकडं तोंड करून बसायची.

तेव्हा बापूंनी तिला औरंगाबादला, घाटीत नेलं. मीही सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब मागून घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. म्हणाल्या, "हे स्टिरॉइड आहे. मुरमाचं औषध नाही."

बापू म्हणाले, "मग डाग कशानं जातील? रंग कशानं उजळंल?"

"रंग हा आजार नाही, काका. मुरूम आजार आहे, त्याला औषध आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. मुरमानं सूज आली की त्या जादा रंग सोडतात. कातडी जितकी सावळी, तितका डाग गडद आणि चिवट. लिंबू चोळलं, नख लावलं की सूज वाढते आणि डागही वाढतो. म्हणून आधी मुरूम थांबवायचे, मग डाग हळूहळू फिके पडतात. स्टिरॉइड बंद केल्यावर काही आठवडे तोंड आणखी बिघडेल, तेव्हा घाबरून पुन्हा ट्यूब धरायची नाही, हेही बजावलं.

तोंड जरा शांत झाल्यावर रात्री अडॅपलीनचं मलम सुरू झालं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, सगळ्या तोंडाला, आधी एक रात्र आड. पुढं बेंझॉइल पेरॉक्साइड. दिवसा ऊन अडवणारं क्रीम, कारण उन्हानं डाग गडद होतात. बेंझॉइलनं कापडाचा रंग उडतो. अक्काच्या गोधडीवर पांढरे ठिपके पडले, तर आजी म्हणाली, "औषध गोधडीलाच गोरं करू राह्यलं!" किती तरी महिन्यांनी अक्का त्या दिवशी हसली.

मुरूम थांबायला तीन महिने लागले, डाग फिके व्हायला वर्ष. रंग होता तोच राहिला. पाहुणे आले, काही रंग बघून गेले. आजी चिडून म्हणायची, "जमीन घेताना काळी पाह्यजे, सून घेताना गोरी!"

हे दुखणं एकट्या फुलंब्रीचं नाही. गोऱ्या कातडीवर सूज लाल दिसते, काळ्या कातडीवर ती जांभळट किंवा काळसर दिसते, आणि वैद्यकाच्या पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या माणसांची. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्यानं 2020 साली काळ्या-सावळ्या कातडीवरची लक्षणं दाखवणारी 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, ती यासाठीच. आपल्याकडं 2018 साली केंद्र सरकारनं 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी लग्नसराई आली की पोरींच्या हातात कुठून तरी ट्यूब येतेच.

अक्का आता तिच्या सासरी बचतगट चालवते. हप्त्याच्या दिवशी एखादी पोरगी तोंड बांधून कोपऱ्यात बसलेली दिसली, की ती तिला बाजूला घेते आणि हात पुढं करते. "ट्यूब आण इकडं. मागं काय लिव्हलंय ते वाचू आधी."