वरळीची चाळ आणि परळच्या गिरण्या

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेले समाजबांधव राजगृह पाहून परततात. आमचे सांगणे असे, की सवड काढून वरळीच्या बी.डी.डी. चाळी आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या जागाही पाहाव्यात. गरिबाच्या घराचा प्रश्न सरकारी नियमात कसा ठरतो, ते तिथे डोळ्यांना दिसते.

बी.डी.डी. चाळी इंग्रज सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या. १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. याच खोल्यांतून आपली मुले शिकली. १९७४ च्या दंगलीचा मार याच चाळींनी सोसला. आता तिथे म्हाडा ५०० चौरस फुटांची घरे बांधत आहे. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या, त्याही घराची किंमत न भरता. कारण त्याच जमिनीवर जादा चटई क्षेत्र मंजूर झाले. त्यातली काही घरे बाजारभावाने विकून खर्च काढायचा, अशी ही योजना आहे.

चटई क्षेत्र म्हणजे जमिनीच्या मानाने किती बांधता येईल, याचे माप. १९९१ च्या नियमांत मुंबई शहरासाठी ते साधारण १.३३ होते, १००० चौरस फुटांवर १३३० चौरस फूट बांधकाम. जमीन महाग आणि बांधकाम थोडे, मग कामगाराला घर परवडणार कसे? पण नुसते चटई क्षेत्र वाढवून घर स्वस्त होत नाही. वाढलेले कोणाच्या वाट्याला जाते, ते पाहावे लागते.

लोअर परळला हाच धडा मिळतो. एके काळी गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना काम मिळत नसे. त्या गिरण्यांच्या जमिनीचे १९९१ च्या नियमाने तीन वाटे ठरले : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे. बांधकामाखालची जमीन मालकाकडेच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम केला. एका दुरुस्तीने हजारो घरांची जागा हातची गेली. आज तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत आणि गिरणी कामगार सोडतीची वाट पाहत आहे.

बांधवांनो, असा नियम बदलताना १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्याची नोटीस निघते, मुदत असते. रविवारी विहारात वंदनेनंतर ती नोटीस मोठ्याने वाचा. शिकलेल्या मुलामुलींकडून हरकत लिहून घ्या, सह्या करा आणि पोच घ्या. बाबासाहेबांनी हाती दिलेली लेखणी अशा वेळीच चालवायची असते.

जयभीम!