सोनागिरीतील एक हिशेब

भोपाळ म्हटले की प्रवाशाच्या डोळ्यांपुढे तलाव उभे राहतात. परंतु शहरातून पूर्वेस रायसेन रस्त्याकडे वळावे, म्हणजे तलावांचे भोपाळ मागे पडते आणि कारखान्याचे भोपाळ सुरू होते. येथे १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. पुढे १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. या उद्योगाच्या आधाराने नाना प्रांतांची कुटुंबे या भागात स्थिरावली. त्यांत मराठी घरेही आहेत. पिपलानी व इंद्रपुरी यांच्या आसपासची सोनागिरी ही अशांपैकीच एक वसाहत. नाव सोन्याच्या डोंगराचे, पण वस्ती पगारदारांची व पेन्शनरांची.

येथील ज्या स्नेह्यांकडे माझा मुक्काम होता, ते याच कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत असतात. तेथे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करण्यास मोकळीक मिळाली. मध्य प्रदेशात मात्र आदिवासींना असलेली मर्यादित सवलत सोडली, तर परवान्यावाचून मद्य बनविणे हा गुन्हा आहे. म्हणून सोनागिरीत या विद्येची वही उघडते, पातेले चढत नाही.

मुलाने फोनवर अडचण सांगितली होती. कृतीत वीस लिटर अर्क ३० ग्रॅम हॉपसह तासभर उकळावयास सांगितला होता. याच्या पातेल्यात दहाच लिटर मावतात. त्याने माल्टचा सगळा पाक दहा लिटरांत उकळला, हॉप ३० ग्रॅमच घातले, आणि नंतर दहा लिटर थंड पाणी मिसळले. बिअर गुळमट झाली. "बाबा, शेवटी वीस लिटरच झाले, मग कडूपणा गेला कुठे?"

हॉप ही थंड मुलखातील वेल. आपल्याकडे हिमाचलातील लाहौलात तिची लागवड झाली. भोपाळच्या उन्हाळ्यात तिचे काय चालावे! तिच्या मादी फुलोऱ्यातील पिवळी पूड बिअरला कडूपणा देते व ती नासू देत नाही. हा गुण बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड यांनी लिहून ठेवला आहे. या पुडीतील अल्फा आम्ले तशीच पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळताना त्यांचे रूप पालटते, तेव्हा कुठे ती कडू होऊन द्रवात टिकतात.

स्नेह्यांनी वहीत आकडे मांडले. हॉपमध्ये अल्फा आम्ले पाच टक्के धरली, तर ३० ग्रॅमांत १५०० मिलिग्रॅम. टिन्सेथ यांच्या प्रचलित सूत्राप्रमाणे नेहमीच्या दाटपणाच्या अर्कात तासाभरात त्यांतील सुमारे २३ टक्केच कामी येतात; म्हणजे वीस लिटरांत लिटरमागे १७ मिलिग्रॅम. तोच पाक निम्म्या पाण्यात उकळला, की अर्क दुप्पट दाट होतो आणि कामी येणारा भाग १५ टक्क्यांवर उतरतो. लिटरमागे जेमतेम ११ मिलिग्रॅम उरतात. तूट भरावयाची तर हॉप दीडपटीहून थोडे अधिक, म्हणजे ४७ ग्रॅम हवे.

"पातेले निम्मे, म्हणून हॉपही निम्मे, असे म्हणणारा तर आणखीच फसेल," ते म्हणाले. "त्रैराशिक खोटे नाही, पण सर्व राशी सरळ चालत असतील तरच ते लावावे."

याहून स्वस्त उपाय त्यांनी खाली लिहिला होता. दहा लिटरांत आरंभी निम्माच पाक घालावा. म्हणजे दाटपणा मूळ कृतीइतकाच राहतो आणि ३० ग्रॅम हॉप पुरतात. उरलेला पाक शेवटच्या दहा मिनिटांत मिसळावा. मात्र फार कडू बिअर हवी असेल, तर लहान पातेले अखेर हात टेकते. द्रवात कडूपणा मावण्यालाही सीमा आहे: साधारणतः लिटरमागे १०० मिलिग्रॅम. नंतर तितकेच पाणी घातले, की पन्नासच्या वर जाता येत नाही.

सूत्र म्हणजे अंदाजच. आचेचा जोर व पातेल्याचा आकार यांनी फरक पडतो. म्हणून पहिल्या खेपेस ४५ ग्रॅम घ्यावे, चव पाहावी आणि ती वहीत नोंदवावी, असे त्यांनी मुलास कळविले.

काकूंना या पेयाचे कौतुक नाही. तरीही त्या मला हळूच म्हणाल्या, "नोकरी लागल्यापासून त्यानं यांना काही विचारलं नव्हतं हो." रविवारी फोन वाजला, तेव्हा स्नेही चष्मा शोधत होते आणि वही काकूंनी आधीच टेबलावर काढून ठेवली होती.