वाळा म्हणा, खस म्हणा

आमच्या घरात त्याला खस म्हणतात, शेजारच्या घरात वाळा. उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या माठांत त्याच मुळांची जुडी असते. ईदच्या नमाजाला निघताना आम्ही कानात ठेवतो तो अत्तराचा फायाही त्याचाच. आयुर्वेदात तो ‘उशीर’ होतो. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त खसच्या पडद्यांची नोंद केली आहे. तमिळमध्ये तो वेट्टिवेर, म्हणजे खणून काढलेले मूळ. या नावातच त्याचे नशीब आले.

नदीकाठच्या पाणथळ जागेतले हे आपल्याच मातीतले गवत. त्याची मुळे फारशी आडवी पसरत नाहीत. सरळ खाली जातात, तीन-चार मीटरपर्यंत. माती धरतात ती हीच मुळे. सुवासही त्यांच्यातच. म्हणून अत्तरासाठी अख्खे गवतच खणावे लागते आणि काठ उघडा पडतो.

आमच्या गावचे कब्रस्तान ओढ्याच्या उतारावर आहे. दर पावसाळ्यात कडेची माती जायची, शेवटच्या ओळीतल्या कबरी उघड्या पडू लागल्या होत्या. भिंतीसाठी दोनदा अर्ज केले, उत्तर आले नाही. कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा राखला आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी त्याचा प्रसार केला. हे वाचून आम्ही शेजारच्या माळीबुवांच्या परसबागेतून ठोंब आणले. तिथे मोरीच्या पाण्यावर त्याची रांग उभी होती. दक्षिणेकडच्या जातीला रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे तो वाफ्यात घुसत नाही. बागेला याहून शहाणे कुंपण नाही.

उताराला आडवी ओळ धरून, अर्ध्या-अर्ध्या वितीवर ठोंब लावले. पहिल्या वर्षी पाणी घातले. दुसऱ्या पावसाळ्यात रांग दाट झाली, वाहून येणारा गाळ तिच्यामागे अडून बसला. कबरींवर सब्जा लावायची आपली रीत जुनीच. कडेला आता खस उभा आहे.

मग कोणीतरी हिशेब मांडला, की मुळे विकली तर मशिदीच्या दुरुस्तीला पैसे येतील. जमातीत बरीच बोलाचाली झाली. शेवटी एक बुजुर्ग म्हणाले, “अत्तर बाजारात मिळेल. आब्बाजानची माती कुठल्या बाजारात मिळेल?”

मुळे जमिनीतच राहिली. वर्षातून एकदा आम्ही पाती तेवढी कापतो.