कुरतडलेली पानं

परसातल्या झाडाचं पान कुरतडलेलं दिसलं की बहुतेकांना आधी फवारणीचा पंप आठवतो. मला आनंद होतो. आपल्या झाडावर कुणीतरी जेवून गेलं, याची ती खूण असते.

बदलापुरातल्या आमच्या घरामागच्या कढीपत्त्यावर पावसाळ्यात कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी घिरट्या घालते. पायांनी पान चाचपते, कारण तिला झाडाची चव पायांनीच कळते. खात्री पटली की कोवळ्या पानावर एक इवलंसं अंडं ठेवून पुढे सरकते. अंड्यातून निघालेली अळी हुबेहूब पाखराची विष्ठा वाटते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी होऊन शेवटच्या टप्प्यात कात टाकली की ती हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. तिला काडीनं हळूच डिवचलं, तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एवढ्याशा जिवाची ही हिंमत पाहिली की फवारणीचा विचारही मनात येत नाही.

कुंपणाशी रुई आपणहून उगवली आहे. प्लेन टायगरच्या अळ्या तिची विषारी, चिकाळ पानं खातात आणि ते विष अंगात साठवतात. त्यामुळे पुढे फुलपाखरूही कडू लागतं आणि पक्षी त्याला टाळायला शिकतात. याच ओळखीचा फायदा डॅनेड एगफ्लायची मादी घेते. तिच्या अंगात विष नाही, पण रूप थेट प्लेन टायगरचं. तिच्या अळ्या वाढतात त्या घोळीवर, आपण जिची भाजी करतो त्याच घोळीवर. एकीकडे रुई, दुसरीकडे घोळ; दोन्ही तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या, आणि दोघींच्या आधारानं हे एवढं नाट्य चालतं.

अळ्यांवर पुढचं घर उभं असतं. शिंपी पक्षी पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडून, कोळ्याच्या जाळ्याचे धागे नि कापूस ओवून घरटं शिवतो. आत पिल्लं आली की नर-मादी दिवसभर किडे-अळ्या आणत राहतात. चिमणी एरवी दाणे टिपते, पण पिल्लांना तीही किडेच भरवते. दरवर्षी 20 मार्चला आपण चिमणी दिन साजरा करतो, गॅलरीत दाण्यांची वाटी ठेवतो. पण अंगणातली प्रत्येक अळी मारून टाकली, तर त्या चिमणीनं पिल्लं वाढवायची कशावर?

बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून आली, गुलमोहर मादागास्करहून. दोन्ही देखणी आहेत, ती असू देत. पण इथल्या कीटकांची पिढ्यानपिढ्यांची सोयरीक आहे ती टाकळ्याशी, आघाड्याशी, रुईशी. आपल्या आज्या-पणज्यांनाही ही झाडं ओळखीची होती. टाकळ्याची कोवळी पानं त्या भाजीला खुडायच्या, आघाडा पत्रीसाठी. त्याच टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो फुलपाखरं अंडी घालतात.

म्हणून मनापासून एक मागणं आहे. परस असो, सोसायटीच्या भिंतीलगतची पट्टी असो की गॅलरीतली कुंडी, एक कोपरा फवारणीविना राहू द्या. पावसात तिथे जे उगवेल, ते उपटण्याआधी त्याचं नाव विचारा. आणि पानाला भोकं पडलेली दिसली, तर ते पान उलटून पाहा.